घाव कुनाचा

आमच्यात एक रीत हाय. शिकारीत ज्यानं हात उचलला न्हाई, त्यानंच सांगायचं घाव कुनाचा. मारनाऱ्यायला इचारलं तर दहा जन म्हनत्याल, मपला, मपला. म्हनून एक मानूस बाजूला उभा करायचा. त्याच्या हातात काठीसुदिक द्यायची न्हाई. त्यानं निस्तं बघायचं. जनावर पडलं की म्होरक्यानं तीनदा वरडून इचारायचं आन् त्यानं एकदाच नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघंल त्याला मुंडकं आन् काळीज. बाकी समद्यायला सारखा वाटा, लंगड्यालासुदिक आन् नवरा गेलेल्या बाईलासुदिक.

मपला बाप हयातभर साक्षीचा मानूस व्हता. त्यो सांगायचा, निजामाच्या वक्ताला सायब लोक हरनं मारायला आमच्या डोंगराला यायचे. हाका घालायला गाव, काटे मोडायचे गावाच्या पायात, कुत्री मरायची गावाची, आन् फोटोत सायब. "तिथं कुनी इचारत नव्हतं घाव कुनाचा. म्हनून आपल्यात इचारायचं," असं म्हनायचा. आनखी तीन गोष्टी शिकिवल्या त्यानं. पान्यावर आलेलं मारायचं न्हाई. पहिलं निघंल ते सोडायचं. गाभन तर न्हाईच न्हाई. मी समदं पाळलं. पन ज्या कामाला मला उभा करत्यात, त्यातच मी खोटा निघालो.

मी शहादेव. गाव शिरूर कासारच्या अंगाला, डोंगराच्या बुडाला. चाळीस वर्सं ऊस तोडला. आता उजवा खांदा वर जात न्हाई, म्हनून बैलगाडी हाकतो. कोयता लेकाचा आन् सुनंचा. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हनत्यात. लेक अभिमन्यू, सून मंगल. म्हातारी, म्हंजी चंद्रभागा, नातीला घेऊन गावाकडंच ऱ्हाती, नातीची शाळा हाय म्हनून.

अभिमन्यूला दोन सालाखाली कावीळ झाली. त्यातून उठला पन अंगात जीव आला न्हाई. पाठीवर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं म्हनलं की त्याचे पाय लटलट करायचे. मंग त्यो अर्ध्या मोळ्या बांधायचा. टोळीत नऊ कोयते, समद्यायचे डोळे एकमेकाच्या मोळीवर. मुकादमाचा पुतन्या युवराज, लई चाभरा, त्यानं नाव पाडलं, "अर्धी मोळी". "ए अर्धी मोळी, पानी आन बे." "अर्धी मोळी, मंगलवैनी तोडतेत, तू निस्ता वारा घाल." अभिमन्यू हसायचा. हसनं बघून मला भडभडून यायचं. मंगल कायबी बोलायची न्हाई. लुगड्यावर नवऱ्याचा फुल बाह्याचा सदरा, डोक्याला फडकं, आन् खाली वाकली की बुडातनं सपासप. दोघांचं काम एकटी वढायची आन् मोजताना म्हनायची, "आमच्या दोघांचं."

माघ सरत आलता. तलवाड्याच्या पल्याड सुंदररावाचा चार एकर फड आमी धरला व्हता. कॅनॉलचं पानी, ऊस मानसाच्या दोन उंचीचा, आन् आत डुकरं. निम्मा ऊस त्यायनी दातानं फोडून आडवा केलता. असा ऊस तोडायला जीव जातो, कोयता बसत न्हाई. चौथ्या दिशी उभा ऊस खोलीएवढ्या पट्ट्यावर आला. हे कसं असतं, तुमाला सांगतो. चारी बाजूनं तोडत आलं की आतली जनावरं सरकत सरकत त्या शेवटच्या पट्ट्यात गोळा व्हत्यात. ससे, मुंगूस, रानमांजर, डुकरं, समदी एका जागी, एकमेकाला न बोलता. आन् भाईर कोयते.

सुंदरराव फटफटीवर आला. पांढरी टोपी, पायात चप्पल. बांधावरूनच बोलला.

"बंकट, आत हायेत ना?"

"हायेत मालक. चार-पाच असत्याल," मुकादम बंकट म्हनला.

"सोडू नका. दोन साल झाले, माझं वाटोळं केलं त्यायनी."

"पन मालक, जंगलखात्याचा कागुद?"

"तीन अर्ज दिलेत. कागुद येईल तवा येईल, तवर डुक्कर थांबतं का? काय झालं तर मी हाय ना."

मी हाय म्हननारा मानूस येळंला घरी नसतो, हे मी लई डाव बघितलंय. तोंडावर आलतं माझ्या. पन बोललो न्हाई. खरं सांगू का, अंगात आलतं. वीस वर्सं झाली व्हती हाका ऐकून.

बंकट मला म्हनला, "शहादेवबा, तुमी साक्षीला. गाडीवर उभे ऱ्हा."

मी गाडीवर चढलो. मपल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. उजवा गेल्या साली शिबिरात करून आनला, त्यानं लई लख्ख दिसतं. बाया मागं सरल्या. बाप्यांनी पट्ट्याला येढा दिला. युवराजच्या एका हातात कोयता, दुसऱ्यात मोबाईल. अभिमन्यू खालच्या कोपऱ्याला, जिथून कायबी निघनार न्हाई असं समद्यायला वाटत व्हतं, तिथं उभा केला. मंगल त्याच्या मागं धा-बारा पावलांवर, मोळ्याजवळ.

पाचटाला आग न लावता निस्ता पत्र्याचा डबा बडवला. पहिला ससा निघाला. "सोड रं, सोड!" मी वरडलो आन् पोरांनी वाट दिली. कान पाठीला चिटकवून त्यो बंकटच्या दोन पायांतून पळाला. समदे हसले. मंग दांडगा नर निघाला. त्यानं कुनाकडं बघितलं न्हाई, सरळ युवराजच्या अंगावरून कॅनॉलकडं. युवराज गडबडून पाचटात बसला, कोयता एकीकडं आन् आपुन एकीकडं. पुन्ना हसू. त्या हसन्यातच खालच्या कोपऱ्यातून ती निघाली.

काळी, भरलेली, मान खाली. अभिमन्यूनं कोयता उचलला आन् पाय पाचटावरून सटकला. त्यो उताना पडला. तिनं त्याची पोटरी धरली. "आये!" असं वरडला माझा लेक, बारक्या लेकरासारखा. जे व्हते ते समदे वरच्या अंगाला, नराच्या मागं. मी गाडीवर. 

मंगल पळत आली. वरडली न्हाई, काय न्हाई. ऊस तोडताना वाकती तशीच वाकली आन् कोयता मानंवर घातला. डुकरीन वळली तिच्यावर. दुसरा घातला, तवा ती गुडघ्यावर आली. मंग बाकीचे आले आन् त्यायनी काय केलं ते सांगन्यासारखं न्हाई. पन ते समदं पडलेल्यावर. पहिला घाव मंगलचा आन् दुसराबी मंगलचा. मी बघितलं, उजव्या डोळ्यानं, लख्ख.

मंगलनं कोयता टाकला, डोक्याचं फडकं सोडून नवऱ्याच्या पोटरीला आवळून बांधलं. गाठ बसत नव्हती. "काय व्हत न्हाई, काय व्हत न्हाई," असं म्हनत व्हती. त्यो डोळे मिटून पडलेला.

बंकटनं हात वर केला. समदे गप झाले.

"घाव कुनाचा?"

युवराजनं मोबाईल मपल्यावर धरला.

"घाव कुनाचा?"

अभिमन्यूनं डोळे उघडले आन् वर माझ्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावर पाचटाची धूळ, गालावर पान्याचे वघळ. त्याला ठावं व्हतं मी काय बघितलं. उंद्यापासून टोळी काय म्हननार तेबी ठावं व्हतं. अर्धी मोळी बायकोच्या पदराआड वाचली. जलमभर.

"घाव कुनाचा?"

"अभिमन्यूचा," मी म्हनलो.

आरडावरडा झाला. पोरांनी त्याला उचलून बसता केला, मांडीवर मुंडकं ठिवायचं म्हनून मुंडकं कापलं, युवराजनं फिरून फिरून व्हिडिओ काढला. "बघा बघा, वाघ आमचा!" अर्धी मोळी म्हननाराच वाघ म्हनायला लागला. माझा लेक आधी लाजला, मंग हसला. कावीळ झाल्यापासून त्यो तसा हसला नव्हता. मी मनाशी म्हनलं, देवा, एक खोटं बोललो, पन लेकाला माघारी आनलं. मंगलकडं बघायचं मी टाळलं. पन बघावं तर लागलंच. ती माझ्याकडंच बघत व्हती. रागानं न्हाई. आपलं काम दुसऱ्याच्या नावावर मांडलेलं बघावं, तसं.

मंग बंकटनं पोट फाडलं आन् सुरी तिथंच थांबली.

"शहादेवबा," त्यो हळू म्हनला, "गाभन व्हती की वो."

सात व्हती. मुठीएवढी, डोळे मिटलेली, अंगावर बारीक पट्टे.  मी चाळीस पावलांवरून जनावराची चाल वळखनारा मानूस. ती कोपऱ्यातून निघाली तवा तिचं पोट मला दिसलं व्हतं का? दिसलंच असंल. पन तवा नजर लेकावर व्हती.

आमच्यात गाभन मारली गेली तर घाव घालनाऱ्यानं आपल्या हातानं पिलं पुरायची, हळद-कुंकू वाहायचं, आन् सव्वा महिना मटन खायचं न्हाई. समदे अभिमन्यूकडं बघायला लागले. त्याला उठता येत नव्हतं. मी म्हननार व्हतो की मी पुरतो. तेवढ्यात मंगल उठली. घमेलं घेतलं, पिलं एकएक करून त्यात ठिवली, खुरपं घेतलं आन् बांधाच्या बोरीखाली गेली. उनात बसून खांदत व्हती. रान कडक, खुरपं वाजायचं. कोपीतून, आमच्या पाचटाच्या झोपडीतून, हळदीची पुडी आनली, कुंकू सोडलं. लई येळ बसली. तिला कुनी म्हनलं न्हाई की हे काम घाव घालनाऱ्याचं हाय, तू कावून करती. म्हंजी समद्यायला ठावं व्हतं. मान देताना कुनाला ठावं नव्हतं, आन् पाप फेडताना समद्यायला ठावं.

त्या दिशी नऊ चुली पेटल्या. मंगलनं आमच्या चुलीवर भाकरी आन् ठेचा केला. बंकटनं काळीज धाडलं, ते तिनं झाकून बाजूला ठिवलं. अभिमन्यू म्हनला, "तू घी ना उलीसं." ती म्हनली, "मला सव्वा महिना चालत न्हाई." त्याच्या हातातला घास हातातच ऱ्हायला. सुंदररावाचा गडी येऊन एक मागची तंगडी घेऊन गेला.

तिसऱ्या दिशी दुपारी जंगलखात्याची जीप आली. दोघं खाकीतले, एक गार्ड तरना, बोलायला बरा. त्यानं पानी मागितलं, पिलं, तांब्या परत दिला आन् मोबाईल काढला. त्यात अभिमन्यू, मांडीवर मुंडकं. त्याच्या मागं माझा आवाज. अभिमन्यूचा. अभिमन्यूचा. युवराजनं स्टेटसला ठिवलं व्हतं ते फिरत फिरत कचेरीत गेलतं. युवराज सकाळपासून गावात गेलता, त्यो काय दिसला न्हाई.

सुंदरराव आला. आज चप्पल न्हाई, बूट व्हते.

"सायेब, माझे अर्ज बघा ना तुमच्याकडं. मला मारायचंच असतं तर मी अर्ज कशाला केला असता? हे तोडनारे लोक. कुठनं येतेत, काय करतेत, मी कुठवर बघू?"

बंकट म्हनला, "मालक, तुमीच तर..."

"मी काय?" सुंदरराव म्हनला. बंकट खाली बघायला लागला. म्होरं दोन एकर आनखी सुंदररावाचीच व्हती.

गार्डनं अभिमन्यूचा पाय बघितला. फडकं सोडायला लावलं. दाताच्या खुना, सुजलेलं, पिवळं पानी. "ह्यानंच मारलंय मग. आनखी कोन कोन होतं?"

"घाव माझा हाय," मंगल म्हनली.

गार्ड वळला. मंगल मोळीजवळ उभी, सदऱ्याच्या बाह्या वर केलेल्या. "काय म्हणाल्या ताई?"

"कोयता मी घातला. मानंवर दोन. ह्यांनी न्हाई. ह्ये पडले व्हते."

जीपचा डायव्हर हसला. गार्ड हसला न्हाई, पन त्यानं मान हालिवली. "ताई, नवऱ्याला वाचवायला समदेच म्हणतात. माझी आई पन ऊस तोडायची, मला कळतं. पन व्हिडिओत नाव आलंय, पायाला जखम आहे." मंग त्यो माझ्याजवळ आला. "बाबा, हा आवाज तुमचा ना? तुमी तिथं होता. कागदावर एक नाव मुख्य लागतं. तुमीच सांगा, घाव कुनाचा?"

तेच शब्द. फक्त ह्या डावाला एकदाच.

मंगल माझ्याकडं बघत व्हती. ह्या डावाला तिनं डोळे हालिवले न्हाईत. अभिमन्यू तिच्या मागं बसलेला, त्यानं मला बारीक मान हालिवली, न्हाई, न्हाई. त्याचं कळलं मला. बायको कचेरीत जाऊ नये, पोरगी आईबिगर ऱ्हाऊ नये. मनाचा चांगला हाय लेक. पन मपलं काय? मी नातीची दया म्हनून खरं दडवलं असं तुमाला वाटंल. मी सोतालाबी तेच सांगतो. पन खरं ह्ये हाय की तवाबी माझ्या तोंडून निघत नव्हतं, लेक पडला आन् सुनंनं वाचिवला.

"अभिमन्यूचा," मी म्हनलो. "माझ्या लेकाचा."

गार्डनं लिहून घेतलं. बंकटचा आंगठा साक्षीला घेतला, मपली सही. कोयता त्यायनी पोत्यात बांधला. नीट बघा, कोयता मंगलचा व्हता, मुठीला तिच्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. अभिमन्यूला दोघांनी धरून जीपमदी बसिवलं. मंगलनं भाकरीची चवड फडक्यात बांधून त्याच्या मांडीवर ठिवली. त्यो म्हनला, "आबा, येतो." बस, तेवढंच. जीप धुराळा करत कॅनॉलच्या रस्त्याला लागली.

त्याच सांजंला मंगलनं दुसरा कोयता घासायला घेतला. दगडावर पानी मारायची, घासायची. मी म्हनलो, "मंगल, पोरी, वकील करू. बंकट म्हनतोय चार-आठ दिसात सोडत्याल."

ती घासता घासता म्हनली, "मामा, तुमाला दोन डाव इचारलं."

मी तांब्यातलं पानी दगडावर सोडलं.

"दोन्ही डाव मपलं नाव गिळलं तुमी. पहिल्या डावाला मला वाटलं, ऱ्हाऊ द्या, त्यायला बरं वाटंल, मपलं काय जातंय. पन दुसऱ्या डावाला मी सोताच्या तोंडानं सांगितलं व्हतं. तरीबी." तिनं कोयत्याच्या धारंवर आंगठा फिरिवला. "जेलात जायला सुदिक मपलं नाव लागत न्हाई. इतकं का वो ते हलकं हाय?"

मी उठलो आन् बैलाला वैरन टाकायला गेलो. 

आठ दिस झाले, पंधरा झाले. जामीन झाला न्हाई. कधी सायेब सुट्टीवर, कधी तारीख म्होरं. नवरा न्हाई म्हंजी कोयता अर्धा, आन् अर्ध्या कोयत्याला टोळीत पाथ, म्हंजी तोडायची सरी, कोन देतो? बंकटनं मला तिच्याबरबर धरलं. मंगल तोडायची, मी मोळ्या बांधायचो. उजवा हात वर जात न्हाई म्हनून मोळी गुडघ्यानं रेटून आवळायची. बांधलेल्या मोळ्या मंगलच डोक्यावर नेऊन गाडीत टाकायची, मी फळी धरून उभा. माझ्या मोळ्या बारक्या व्हायच्या. कुनी "अर्धी मोळी" म्हनलं न्हाई. युवराज तर आता माझ्या वाटंलाबी येत नव्हता. म्हनलं असतं तर बरं वाटलं असतं. मंगल मला जेवायला वाढायची, पानी द्यायची, मामा म्हनायची. रागावली न्हाई. रागावली असती तर पाय धरले असते तिचे.

सतराव्या दिशी, दुपारचं, आमी फडात व्हतो तवा फोन वाजला. म्हातारी. डाव्या हातात मोळी व्हती, उजवा वर जात न्हाई. म्हनून स्पीकर दाबून मोळीवर ठिवला.

"अवो, जेवलाव का? अभ्याचं काय कळलं?"

"तारीख हाय सोमवारी."

"लई जिवाला लागतंय. पन एक सांगू का, गावात समद्यायच्या मोबाईलात त्यो हाय. काल दळनाला गेलते तर बायडाबाई म्हनली, चंद्रभागे, लेकानं नाव काढलं गं. कुनी आता कुचकामी म्हनत न्हाई त्याला." म्हातारीचा आवाज रडवा व्हता, पन त्यात आनंद व्हता, मला कळत व्हता. "अवो, खरंच त्यानं एकट्यानं मारलं का वो? तुमी व्हता ना तिथं?"

मंगलचा कोयता थांबला. माझ्याकडं पाठ व्हती तिची. ती वाकलेली, डाव्या मुठीत ऊस धरलेला.

"न्हाई," मी म्हनलो.  "अभ्यानं न्हाई मारलं. त्यो पडला व्हता. मंगलनं मारलं. मंगल नसती तर पोरगं हाताला लागलं नसतं. पहिला घाव मंगलचा, दुसराबी तिचाच. मी बघितलं."

 मला वाटलं, सुटलो. इतक्या दिसांनी छातीवरचं वझं उतरलं.

मंगल उठली. ऊस हातातच व्हता, त्यो बाजूला ठिवला. हात सदऱ्याला पुसले. मोळीवरचा फोन उचलून तोंडाजवळ धरला.

"आत्या, मामाचं ऐकू नका," ती म्हनली. "त्यायच्या डोळ्याचं तुमाला ठावं हाय ना. आता दुसऱ्याबी डोळ्याला दिसंना झालंय. तुमच्या लेकानंच मारलं."

"मंगल..." मी म्हनलो.

"व्हय आत्या, एकट्यानंच. तुमी सांगा बायडाबाईला. पोरगी जेवली का? बरं. ठिवते."

तिनं फोन बंद केला. माझ्या सदऱ्याच्या खिशात घातला, पडू नये म्हनून खिशाचं बटन लावलं. बारक्या लेकराचं लावत्यात तसं. मंग जाऊन ऊस उचलला.

"मामा, मोळी बांधा," ती म्हनली. "गाडी भरायची हाय."

मी खाली बसलो आन् मोळी बांधायचा वाढ्याचा आळा हातात घेतला. गाठ मारायला गेलो तर ती बसंना.